हेलाच्या गालावरची हळद

हॅलो?… हो, वसुधाच बोलतेय… तिळाच्या वड्या? उरल्यात… नाही, ती छत्री माझी नाही… घासणी टाकून दिली मी, पिवळी झाली होती… हो, स्नो पडतोय, दिसतोय मला.

कुणाचं ब्लाउज?… प्रतिमा, काल माझ्याच हळदीकुंकवात तू हेलाला रडवलंस, आणि आज तिच्याकडून ब्लाउज आणून दे म्हणतेस?

…शिवून झालंही असेल. मला काय माहीत! दार उघडत नाहीये ती. सकाळपासून दोनदा जाऊन आले… शेजारीण असली म्हणून काय झालं?

ड्रामा?… ड्रामा नव्हता गं तो. सिंकपाशी उभी राहून गाल खरवडत होती. भांड्यांच्या घासणीनं…

अगं ऐक ना… ऐक. पोलंडमध्ये कॅम्पात होती ती. जर्मनांच्या. सोळा वर्षांची… गुन्हा कसला? ज्यू म्हणून धरून नेलेली. तोफगोळ्यांत पिवळी पूड भरायला लावायचे. बारा-बारा तास. हातमोजे नाहीत, साबण नाही. कातडी पिवळी, केस पिवळे, नखं पिवळी… हो, हो, हळदीसारखीच. पिवळी झालेली माणसं दोन-तीन महिन्यांत मरायची. तिची बहीण मिना तशीच गेली. रंग उतरावा म्हणून वाळूनं गाल घासायची म्हणे…

सिंकपाशीच सांगितलं. घासणं न थांबवता.

…चाळीस वर्षं झाली म्हणून काय? तुझी नणंद तुझ्या लग्नात काय बोलली, ते तू अजून सांगतेस!

काय म्हणालीस?… विधवा असून आपण तिला मान दिला? शी! प्रतिमा, शी! 'नो, प्लीज, नो' म्हणत होती ती. आपल्याला वाटलं, नवरा गेलाय म्हणून संकोचतेय. आपण केवढ्या पुढारलेल्या!… अगं, तिला काय माहीत, हळद कुणाला लावतात नि कुणाला नाही?… आणि बोटभर लावायची ना? गालांना फासलीस, कोपरापर्यंत फासलीस. 'यलो ब्राइड' म्हणून हसलीस. सगळ्या हसल्या.

किळस येते मला… नाही, फक्त तुझी नाही.

नाही आणणार. शनिवारी दुसरं घाल… मंडळाच्या फोटोत मॅचिंग नसेल, तर नसेल!

थांब… थांब जरा. वायर पोचत नाही खिडकीपर्यंत… हां, पोचली. हेला येतेय. आमच्याच पायरीपाशी. वाकली… बेल नाही वाजवली.

ब्लाउज आहे तुझं. नीट घडी केलेलं. वर कालची वाणाची वाटी… आणि वाटीत आमच्या घराची किल्ली. शाळेतून आल्यावर माझ्या नंदाला घरात घ्यायला तिला दिलेली, चार वर्षांपूर्वी…

गेली. दार लावलं.

नाही प्रतिमा, 'सॉरी' माझ्याकडे नको म्हणूस… हो, हळद तू लावलीस. ठेवते मी.

तिचे हात मी धरले होते.