गेअरचं तेल आन् मव्हं नाक

मव्हं माहेर अजिंठ्याचं. लेण्या बघायला लोक येतात ते तिकडं लांब, आम्ही गावातले. निजामावर पोलीस ॲक्शन झालं तव्हा मव्ही आई परकरातली पोरगी होती, मी त्याच्या लई मागून झाले, पण आमच्या घरात समदं त्याच्यावरनंच मोजायचे, हे चिंचेचं झाड ॲक्शनच्या आधीचं, ही भिंत नंतरची. बाप तेलाचा घाणा चालवायचा, करडी, तीळ, जवस. बैल डोळ्यांना झापड बांधून गोल गोल फिरायचा आन् मी लाकडावर बसून त्याच्यासंगं फिरायची, फिरता फिरता मव्हा डोळा लागायचा, आन् काय सांगू तुम्हाला, झोपेत बी मला कळायचं घाण्यात आत्ता काय पडलंय. तीळ असला की सपान गोड पडायचं, जवस असला की नदीकाठचं. बाप डबा पुढं करायचा, म्हणायचा सांग पोरी हे काय, मी म्हणायची जवस, पण आजचा नाय, कालचा. बाप हसायचा, म्हणायचा हिचं नाक माणसाचं नाय.

मंग औरंगाबादचं स्थळ आलं. आता संभाजीनगर म्हणायचं, मव्ह्या तोंडी कधी हे येतं कधी ते, तुम्ही बरोबर करून लिहा. पोरगा मेकॅनिक, जालना रोडला पत्र्याचं गॅरेज. आई म्हणली, तेलातनं उठली आन् तेलातच बसली. यांचं नाव नका इचारू, घेत नाय मी, समदे उस्ताद म्हणायचे तेच लिहा.

लग्न झाल्यावर पहिल्यांदा यांचा शर्ट धुवायला घेतला तव्हा मी येडी घमेल्यापाशी नुसती बसूनच राहिले. इतके वास एका शर्टात! ब्रेकचं तेल निराळं, इंजनाचं जळकं, ग्रीस तर थंडगार. हळूहळू असं झालं की शर्ट हातात घेतला की यांचा अख्खा दिवस मला दिसायचा, कोणती गाडी आली, कुठं झोपून काम केलं, बाहीला काय लागलं, कॉलरला काय. बाकीच्या बाया नवऱ्याला इचारतात कुठं होते दिवसभर, मला इचारायची गरजच नाय पडली. हे बी तसेच होते. दारातनं आत पाय टाकला की नाक वर करायचे, म्हणायचे आज आंबाडी केली, लसूण जास्त झाला. चूल बघायच्या आधी सांगायचे.

तुम्ही गेअरच्या तेलाचं इचारलं ना, तिकडंच येऊ लागले मी. पिकअप गाडीत दोन जागी घट्ट तेल लागतं. एक पुढं गेअरच्या डब्यात, आन् एक मागं, चाकांच्या मधी तो लोखंडी गोळा असतो ना, त्याला हे क्राऊन म्हणायचे. दोन्ही तेलं मधासारखी, बोटावर घेतली तर बी सारखीच. पण गेअरच्या डब्यात पितळेची कडी असतात, बांगड्याच समजा. एक चाक लई जोरात फिरतंय, दुसरं सावकाश, त्यांची गाठ घालून द्यायची तर मधी ते पितळेचं कडं दोघांना समजावतं, मंग गेअर गुमान पडतो. क्राऊनमधी पितळ नाय, समदं लोखंड आन् समदा जोर, म्हणून त्याच्या तेलात औषध जहाल, काडेपेटी ओढल्यासारखा वास. ते औषध लोखंडाला राखतं आन् पितळ खातं. लगेच नाय, महिने घेतं. लोक म्हणायचे उस्ताद, जे भारी असंल तेच दोन्हीकडं टाका की, हे म्हणायचे भारी-हलकं नसतं, ज्याचं त्याला लागतं. तव्हा तेल पिंपातनं सुटं यायचं, दोन सारखे डबे, त्याच्यावर लिहितंय कोण, हे झाकण काढून हुंगायचे आन् ओतायचे.

मंग एका साली यांना ताप आला. मुदतीचा. एकवीस दिवस अंथरुणावर, मी लई नवस बोलले. उठले, गॅरेजला जाऊ लागले, समदं पहिल्यासारखं. पण दारात आले की नाक वर करीनात. मला वाटलं अशक्तपणा असंल. एकदा डाळ करपली मव्ह्याकडनं, घरभर वास, शेजारीण इचारायला आली काय जळलं म्हणून, आन् हे मुकाट जेवले, म्हणले चांगली झाली. तव्हा मला कळलं, यांचं नाक गेलं. म्या इचारलं नाय. मेकॅनिकला नाक नाय म्हणजे काय, हे मला कळत होतं आन् यांना बी कळत होतं, आन् आम्ही दोघं आपले चटणी दे, पाणी दे.

युसूफभाईची पिकअप होती. करमाडचे ते, कोथिंबीर-मेथी भरून शहरात आणायचे, यांच्यावर लई जीव. दुसऱ्या कोणाला बॉनेट उघडू द्यायचे नाय. महालक्ष्म्यांच्या आधीची गोष्ट, हे जेवताना म्हणले, आज एकच काम केलं, युसूफभाईच्या गेअरचं तेल बदललं. आन् दुसऱ्या दिवशी म्या शर्ट भिजवला, तर बाहीला काडेपेटीचा वास. परत हुंगलं. क्राऊनचं तेल. क्राऊन तर उघडलाच नव्हता.

ऊन पडलं होतं, घमेल्यातल्या पाण्यावर तेलाचे रंग फिरू लागले होते, जांभळा, हिरवा, आन् मी त्याच्याकडं बघत किती येळ बसले मला माहीत नाय. असं वाटायचं मी घाण्यावर बसलेय आन् डोळे उघडले की समदं नीट असंल. सांजच्याला म्या भीत भीत म्हणलं, अहो, काल तेलाचा डबा तर नाय बदलला? असे भडकले! म्हणले, आता तू मला तेल शिकवणार? मी गप बसले. तिथंच चुकलं मव्हं. यांची इज्जत राखायला गेले आन् तिकडं त्या गाडीत पितळ खाल्लं जाऊ लागलं. युसूफभाई भेटायचे, भाभी कैसे हो म्हणायचे, जुडी द्यायचे कोथिंबिरीची, आन् त्या जुडीकडं बघायला मला लाज वाटायची.

संक्रांतीच्या सुमाराला आले ते. गेअर पडताना कर्रकर्र करतो, तिसरा तर घेतच नाय. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते गॅरेजला. यांनी खालचा बोल्ट काढला, तेल घमेल्यात सोडलं. आन् काय सांगू तुम्हाला, त्या तेलात सोनं चमकू लागलं. उन्हात अशी बारीक झळझळ, शालूच्या जरीसारखी. इतकं सुंदर दिसत होतं ते, आन् ते पितळेच्या कड्यांचं पीठ होतं.

हे घमेल्याकडं बघत राहिले. मंग म्हणले, युसूफभाई, तुम्ही क्लच पुरा दाबत नाय, गेअर ओढता, म्हणून झालं हे. युसूफभाई तीस वर्षं गाडी हाकलेला माणूस. काय बोलले माहीत आहे? उस्ताद, तुम बोल रहे तो मेरीच गलती होगी. बस, एवढंच. अंगात राग नाय, काय नाय. मव्ह्या डोळ्याला धार लागली, मी पदर तोंडाला लावून तिथंच उभी.

यांनी मव्ह्याकडं बघितलं. मंग उठले, घमेल्यात दोन बोटं बुडवली, आन् समद्यांसमोर ती बोटं मव्ह्या नाकापाशी आणली. म्हणले, हे कशाचं तेल हाय सांग. मला वास येत नाय. ताप आला तव्हापास्नं येत नाय.

म्या म्हणलं, क्राऊनचं.

हे युसूफभाईकडं वळले, हात जोडले. म्हणले, चूक मव्ही हाय, तुमचा पाय बरोबर होता. युसूफभाईंनी त्यांचे जोडलेले हात धरले, तेलाचे तसेच, आन् म्हणले, उस्ताद, इतना बडा दुख अकेले अकेले रखे? मंग दोघं खाली बसले. यांनी तो गेअरचा डबा पुरा खोलला, नवी कडी बसवली. शेवटी भरताना तेलाचा डबा आधी मव्ह्याकडं दिला. म्या झाकण काढलं, डोळे मिटले, आन् मला बापाचा आवाज आल्यासारखा वाटला, सांग पोरी हे काय. म्या म्हणलं, गेअरचं. वता.

तव्हापास्नं मी तिथंच. उलट्या डब्यावर बसायची, भाजी निवडायची, आन् कोणती बी गाडी आली की तेल आधी मव्ह्या नाकाखालनं जायचं. वाळूजपास्नं गाड्या यायच्या, म्हणायचे त्या नाकाच्या मावशीकडं जाऊ. पुढं सीलबंद डबे आले, त्याच्यावर छापूनच येतं कोणत्या गाडीला कोणतं, गाडीच्या पुस्तकात बी असतं, आन् तेच बघून टाकावं, तुम्हाला बी सांगते. पण हे सील फोडलं की मव्ह्याकडं करायचेच. मला कळायचं गरज नाय, तरी मी हुंगायची.

आता गॅरेज जावई बघतो. हे घरीच असतात, शर्ट आपले पांढरेधोट, साबणाशिवाय कशाचा वास नाय त्यांना. धुताना करमत नाय मला, खरं सांगते. आन् यांना मी बसल्या बसल्या सांगत असते, शेजारी शेंगदाणे भाजू लागलेत, रस्त्यानं पेरूचा गाडा गेला, आभाळ आलंय, मातीला वास सुटला. हे डोळे मिटून ऐकतात.

परवा युसूफभाई आले होते, गाडी आता लेक चालवतो त्यांचा, पण जुडी स्वतःच घेऊन येतात. यांनी जुडी हातात घेतली, तोंड खुपसलं तिच्यात, बराच येळ. मंग वर बघून म्हणले, आला गं, थोडासा आला आज. म्या यांच्याकडं बघितलं. नव्हता आला, मला कळलं, इतकी वर्षं झाली, मला नाय कळणार? युसूफभाई तर असे खूश झाले, अल्ला का करम, अल्ला का करम म्हणू लागले.

म्या म्हणलं, व्हय का, मंग आता मव्हं काय काम.

हे हसले, म्हणले, बस इथंच.

चला, चहा घेऊन जावा. सुखरूप जावा बाबा, तुमच्या गाडीचा गेअर गुमान पडू दे.