फसफस

ताई : हे कानामागचं यंत्र आता कपाटात पडू दे. उद्यापासून मी नाही लावणार.

भाऊ : अगं, एवढं ऑपरेशन करून घेतलंस, आणि कपाटात?

ताई : इकडे तोंड करून बोल. ओठ दिसले तरच कळतं मला.

भाऊ : म्हणजे आत्ताचं काहीच कळलं नाही?

ताई : पत्र्यावर खडे पडल्यासारखं झालं. यंत्र सुरू केल्यापासून हेच चाललंय. लहानपणी तापात कान गेले ते गेले. त्यावाचून माझं काय अडलं? इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम मिळतंय, मी मजेत आहे.

भाऊ : डॉक्टर म्हणाल्या ना, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो.

ताई : तोवर डोकं उठतं त्याचं काय? जाऊ दे. 'एफर्व्हेसन्ट'पाशी आलेय, पान संपवू दे.

भाऊ : हा शब्द माझ्या पित्ताच्या गोळ्यांवर असतो! बरी आठवण केलीस, छातीत जळजळतंय. एक घेतोच.

ताई : काय म्हणालास?

भाऊ : कुठे काय? गोळी टाकली पाण्यात.

ताई : मग हे कोण... तो ग्लास आण इकडे. अजून जवळ. अरे, हे 'फस' म्हणतंय!

भाऊ : फसफसतंय, म्हणून.

ताई : तसं नाही रे! मला वाटायचं, टेबल-खुर्चीसारखं कुणीतरी नाव ठेवलं असेल. हे तर पाणी स्वतःच म्हणतंय! फसफसफस...

भाऊ : ताई, रडतेस होय?

ताई : आणि खदखद? तेही असंच?

भाऊ : ये, गॅसपाशी ये. बटाटे उकळतायत. झाकण काढतो, वाफ सांभाळ.

ताई : खद... खद खद... अगं बाई! इतकी वर्षं मी नुसती अक्षरं लिहीत होते. आता तो इंग्रजी शब्द म्हण. तोंड हाताने झाकून.

भाऊ : एफर्व्हेसन्ट. एफर्व्हेस. एफर्व्हेसन्स. जीभच वळत नाही माझी!

ताई : त्यातही आहे! फ आहे, स आहे. त्यांनाही बुडबुडे असेच ऐकू आले असतील का रे?

भाऊ : मला विचारतेस? मी आयुष्यभर ऐकत आलो, कधी लक्षच गेलं नाही. बटाटे शिजले बघ, गॅस बंद करतो.

ताई : हळू झालं... एक बुडबुडा आला. अजून एक... गेलं.

भाऊ : यंत्र ठीक आहे हं, घाबरू नकोस. उकळी बसली.

ताई : कळलं मला. पूर्वी नुसतं काही नसायचं. हे तसं नाही. काहीतरी होतं, ते निवलं.

भाऊ : याला काय म्हणतात तुझ्या इंग्रजीत?

ताई : क्विएसन्ट. आम्ही कोशात 'शांत' लिहून मोकळे झालो होतो. निवलेलं... निवलेलं म्हणायला हवं.

भाऊ : कागद आणू लिहायला?

ताई : नंतर. जरा गप्प बस. ऐकतेय मी.