रायनच्या फास्टबॉलचा रिपोर्ट

व्हिडिओ बघून बेसबॉलचा पिचर, आपल्याकडचा बॉलरच, पारखायचा म्हणजे काय ताप असतो, ते मला विचारा. लॉकडाऊनमध्ये अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबने आपल्या खालच्या टीममधल्या पोरांना घरी पाठवलं होतं. त्यातल्या कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, याचे रिपोर्ट मी सिडनीच्या केलीव्हिलला घरी बसून लिहीत होतो.

ऑस्ट्रेलियातल्याच डार्विन शहरातला रायन मूळचा आपल्या वसईचा. त्याचे तीन व्हिडिओ आले आणि तिन्हींत बॉल सुटताना हात दिसेना. पिचरचा हातच दिसला नाही तर मी लिहिणार काय? शेवटी वैतागून फोन केला. त्याच्या आईने उचलला.

"ताई, व्हिडिओ कोण काढतं?"

"मीच. हॉस्पिटलची शिफ्ट संपली की काढते."

"मग कॅमेरा त्याच्या हातावर धरा ना. उद्या रिपोर्ट द्यायचाय. नाहीतर काढून टाकतील त्याला."

"अरे, समोर झेलायलाही मीच असते. एका हातात ग्लव्ह, एका हातात फोन. कसा धरू?"

मी कपाळाला हात लावला. "बरं, तुम्हीच सांगा, त्याचा वेग वाढलाय का?"

"मार्चमध्ये मी सगळे बॉल झेलत होते. आता त्याने हात उचलला की बाजूला होते. मागे गादी लावलीय."

मी तेच इंग्रजीत जसंच्या तसं लिहून पाठवलं. सकाळी बॉसचा मेल आला, "रायनला ठेवतोय. आणि त्या बाईंना बाजूलाच राहू दे."