हँडल वर घ्या

पांढरकवड्याच्या सायकलच्या दुकानात कांताबाई पंक्चर निघायची वाट पाहत बाकावर बसल्या होत्या. समोर एक सून नव्या सायकलवर बसून माप देत होती आणि सासू तिच्या पायांशीच उभी होती.

"हँडल अजून खाली घ्या, दादा."

"काहून खाली? वर घेऊ दे त्याईले."

"खाली असलं की वारा कमी लागते, आई. सहाशे किलोमीटर जायचं हाये."

"सगळा जंगलाचा कच्चा रस्ता. सारं वजन हातावर येईन. बोटं पुन्हा बधिर झाले तं?"

"कोनं सांगतलं तुमाले?"

"मागच्या रेसहून आली तं महिनाभर तुले पोलक्याचे हूक लागत नव्हते, उर्वशी. मले दिसत नाही का?"

"तुमच्या लेकाले नका सांगू."

"नाही सांगत. ब्रेक दाब."

"दाबला."

"दोन्ही हातानं दाब."

मिस्त्रीचा पाना थांबला. कांताबाईंनी पदर मुठीत धरला.

"डावा हात अजून जागेवर नाही आला, आई."

"माहीत हाये. कुकर मीच उघडून राह्यली ना रोज."

"मंग जाऊ नको म्हनता?"

"तसं म्हनाचं असतं तं मी घरीच राह्यली असती. दादा, हँडल वर घ्या. टायरबी जाड टाका."

"जड होईन. मंग माहा नंबर नाही येनार."

"नको येऊ दे. तू ये."

मिस्त्रीनं कांताबाईंकडं पाहिलं. "तुमचं पंक्चर काढू का आधी?"

"नाही," कांताबाई म्हणाल्या. "त्याईचं होऊ द्या."