घसा बसला होता

(वरकुटे, तालुका इंदापूर. दुपार. अक्काबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. रविंद्र पायरीवर.)

अक्काबाई : न्हाय, न्हाय, तू हात जोडू नगंस. माफी मागायची ती आमी. बारामतीचं नाट्यगृह भरल्यालं, तुझी सहा महिन्यांची तयारी, आन् आमच्या म्हाताऱ्यानं ऐनवेळी कच खाल्ली.

रविंद्र : कच खाल्ली? कोण म्हणालं?

अक्काबाई : त्यांनीच सांगितलं की. परत येताना, जीपमधी, समद्यांच्या देखत. घसा बसला, सूर लागंना, म्हणून मीच रविंदरला म्हणलं, दुसरा उभा कर. पंधरा दिस झालं, दिसातनं तीनदा आल्याचा काढा देतीया. गुमान पितात.

रविंद्र : घसा बसला म्हणाले तात्या?

अक्काबाई : व्हय. तेरा माणसं नेली हुती आमी. शेजारच्या दगडाबाईनं पेटीतलं लुगडं काढलं. आमची विजयमाला पार अंथुर्णे गावावरनं लेकीला घिऊन आली. समद्यांना मीच सांगत फिरले, आमचा माणूस ऑपेरात गाणार म्हणून. ऑपेरा म्हंजी काय, ते बी मीच सांगायची.

रविंद्र : काय सांगायचात?

अक्काबाई : तू ह्या ओसरीवर बसून सांगितलंस तेच. चारशे वर्सांमागं इटलीत निघाल्यालं नाटक, त्यात बोलणं म्हणून न्हाय, भांडायचं झालं तरी गाऊनच भांडायचं. तवा हे म्हणलं हुतं, मंग ही आमच्या जलशाची थोरली भन दिसती. आमी मधी मधी बोलतो, एवढाच फरक.

रविंद्र : ते वाक्य मी पुण्यात भाषणात वापरलं, अक्का. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अक्काबाई : सोळाव्या वर्सापास्नं बाबासाहेबांचा जलसा करत हिंडल्याला माणूस. एका गावात दगडं पडली, कपाळ फुटलं, तरी पद पुरं करून खाली उतरला. आन् तुझ्या मखमली पडद्याला भ्याला. दगडाबाई जीपमधीच म्हणली, आमच्या शाहिराला कंदील सोसत हुता, इजेचं दिवं सोसलं न्हाईत. समदी हसली. तवापास्नं ह्यांनी विहारात जायचं सोडलंय. वंदनेला बी न्हाय.

रविंद्र : मी निघतो, अक्का. तात्यांना सांगा, येऊन गेलो.

अक्काबाई : बस की. पाणी द्यायला गेल्यात रानात, येतीलच. पुढच्या खेळाला तू दुसरा माणूस घे, माझं काय म्हणणं न्हाय. पर राग धरू नगंस. घरी येत जा.

रविंद्र : अक्का, तात्यांचा घसा बसला नव्हता.

अक्काबाई : मंग?

रविंद्र : मी काढलं त्यांना.

अक्काबाई : काढलं म्हंजी?

रविंद्र : खेळातनं काढलं. आदल्या दिवशीच्या तालमीत तिसऱ्या पदाला तात्यांनी आपलीच पट्टी धरली. पंधरा वादक एका पट्टीत आणि तात्या दुसऱ्या. असं तीनदा झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका संस्थेची माणसं बघायला येणार होती. त्यांना आवडलं असतं तर आमच्या मंडळीचे खेळ बाहेर लागले असते. मला वाटलं, तात्यांपायी माझं हसं होईल. सुयोग म्हणून आमच्यात एक गायक आहे, शिकलेला. त्याच्याकडून ते काम सकाळपर्यंत बसवून घेतलं.

अक्काबाई : आन् ह्यांना?

रविंद्र : सांगितलं नाही. तिकडं प्रत्येक मोठ्या कामाला दुसरा गायक तयार ठेवतात, अक्का. पण पहिल्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मंडळी कशी चालवायची, हे शिकायला मी दोन वर्षं परदेशात होतो. आता पोरांना शिकवतो.

अक्काबाई : मंग सांगितलंस कवा?

रविंद्र : मी नाहीच सांगितलं. पहिली घंटा झाल्यावर मेघनाला पाठवलं. पडद्यामागचं सगळं ती बघते. तात्या फेटा बांधून विंगेतल्या आरशापुढं बसले होते. मी समोरच्या विंगेत अंधारात उभा होतो, मला दिसत होतं. मेघना जवळ जाऊन उभी राहिली, तिच्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. त्यांनी फेटा सोडला, घडी घातली, तिच्या हातात दिला. म्हणाले, पोरी, आधी पाणी पी.

अक्काबाई : पुढं सांग.

रविंद्र : सुयोगला पहिला सूर सापडेना. तात्या बाहेर पडता पडता थांबले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सूर धरून दिला. हळू, त्याच्यापुरता, सुयोगनंच मला नंतर सांगितलं. माझ्या पट्टीत, अक्का. बरोबर माझ्याच पट्टीत.

अक्काबाई : आन् मी त्या माणसाला पंधरा दिस काढा पाजतीया.

रविंद्र : त्यांनी तुमच्यापाशी तरी सांगितलं असेल, असं धरून आलो होतो मी. तुम्ही उभं करणार नाही, शिव्या द्याल, असं वाटलं होतं. तुम्हीच माफी मागायला लागलात. मघाशी उठून चाललो होतो, ते का, ते तुम्हाला कळलं असेल.

अक्काबाई : कळलं. गप बस आता. आलं बघ ते.

ज्ञानू (म्हणजे तात्या, रानातून येत) : कोण, रविंदर? जय भीम. कवा आलास?

रविंद्र : जय भीम, तात्या. मी अक्कांना सांगितलं.

ज्ञानू : काय सांगितलंस?

अक्काबाई : समदं सांगितलं त्यानं. फेट्याचं बी.

ज्ञानू : तुला कुणी सांगायला लावलं हुतं? झाकलं हुतं न्हवं मी?

रविंद्र : का झाकलंत, तात्या?

ज्ञानू : जीपमधी तेरा माणसं हुती. रविंदरनं काढलं म्हणलो असतो, तर घरी पोचायच्या आत तुझं नाव गेलं असतं. पुन्यांदा ह्या गावातनं कुत्रं आलं नसतं तुझ्या खेळाला. मंडळी उभी करायला पाच वर्सं लागत्यात, मोडायला एक गोष्ट पुरती. माझा जलसा तसाच मोडला. घरातलं भांडण बाहेर गेलं, आन् बोलावणं यायचं बंद झालं.

रविंद्र : मग मला तरी बोलायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या.

ज्ञानू : दिल्या असत्या की. पर तू समोर हुतास कुठं?

रविंद्र : नव्हतो.

ज्ञानू : काढलंस त्याचा राग न्हाय. खेळासाठी मी बी माणसं काढल्यात. बापूसाहेब म्हणून माझा झीलकरी हुता, माझ्या मागं उभा राहून सूर धरायचा. जिवाचा दोस्त. दारू प्यायला लागला तसा काढला त्याला. पर घरी जाऊन, त्याच्या आईच्या देखत, तोंडावर सांगून काढला. तू एका पोरीला पाठवलंस.

रविंद्र : तात्या, पुढच्या महिन्यात परत खेळ आहे. तुम्ही गा. वादकांना तुमच्या पट्टीत आणतो. पडदा उघडल्यावर आधी तुमचा सत्कार करू, शाल, मानपत्र...

ज्ञानू : शाली हायत घरी.

अक्काबाई : तुमी थांबा. रविंद्रा, तुझी शाल नगं, खेळाचं ह्यांचं हे बघतील. तू एक कर. जीपमधी जी जी माणसं हुती, त्यांच्या घरी चल माझ्यासंगं. आत्ता मला जसं सांगितलंस तसं तितं सांग. अंधारात उभा हुतास, ते बी सांगायचं.

ज्ञानू : अगं, कशाला? पोराचं नाव जाईल.

अक्काबाई : तुमचं गेलं, तवा कुणी थांबवलं?

ज्ञानू : माझं ऱ्हाऊ दे. मी म्हातारा झालो. त्याला अजून मंडळी चालवायचीया.

रविंद्र : येतो मी, अक्का. तात्या, नाव जायचं असेल तर जाऊ दे.

ज्ञानू : मी येणार न्हाय.

अक्काबाई : तुमी नगाच येऊ. हातपाय धुवा, भाकरी झाकून ठिवलीया. आन् चुलीवरचा काढा वतून द्या.

रविंद्र : आधी कुणाकडं जायचं?

अक्काबाई : दगडाबाईकडं. त्या दिवशी लई हसली ती. माझ्या खालोखाल.