झिजलेल्या दगडाची वाट

अंबूबाई : धावू तर मुळीच नकोस. आहेस तिथेच उभी राहा आणि काय दिसते ते सांग.

क्रांती : काहीच दिसत नाही, आजी. हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, एवढं धुकं. सड्याचं पठार संपलं आणि वाटेला दोन फाटे फुटलेत. मोबाइलचा नकाशा सगळंच हिरवं दाखवतोय. डावी घेऊ की उजवी?

अंबूबाई : तुझ्यासोबतची मंडळी कुठे आहेत?

क्रांती : ती गाडीरस्त्याने उतरली. मीच म्हटलं, मी माझ्या आजीच्या वाटेने पाटणला उतरणार. बाबा तीन वर्षांचे असताना, तापात, पाठीवर बांधून तुम्ही त्यांना इथूनच दवाखान्यात नेलंत ना? सांगा लवकर. एक फाटा सरळ कड्यावर जातो, असं तुम्हीच म्हणायचात.

अंबूबाई : सांगते. जरा आठवू दे.

क्रांती : दर दिवाळीला न अडखळता सांगता, आणि आज आठवायचंय?

हरणाबाई : थोरल्या बाई, डावी-उजवी कायबी सांगू नगा.

अंबूबाई : हरणाबाई, धाकट्या जावेने मध्ये बोलायची या घरात रीत नाही. तांदूळ निवड.

हरणाबाई : ताट ठिवलं खाली. पोरगी कड्यावर हाय.

क्रांती : धाकटी आजी आहे का तिथे? आजी, बॅटरी नऊ टक्के राहिलीय. डावी जरा रुंद लागतेय. तिकडेच जाते.

अंबूबाई : पाऊल उचलू नकोस. नीट ऐक, मी पुन्हा सांगणार नाही. त्या वाटेने मी कधीही उतरलेले नाही. तुझ्या बापाला हिने नेले. माझे धाडस झाले नाही. मी देवापुढे दिवा लावून घरात बसले होते.

क्रांती : म्हणजे…

अंबूबाई : ते नंतर. हरणाबाई, घे फोन.

हरणाबाई : ह्यो उलटा का सुलटा? हां. क्रांते, पायातलं काढ.

क्रांती : बूट? इथे जळवा आहेत, आजी.

हरणाबाई : असू देत, रगात लय हाय तुझ्यात. त्या दिशीबी असंच धुकं हुतं, डोळ्यांचा कायबी उपेग न्हवता. अनवाणी पायानं कातळ चाचप. माणसं चालून चालून वाटंचा दगड झिजतो, गुळगुळीत हुतो. आदी डावीकडं बघ. लांब जाऊ नगंस, दोनच पावलं.

क्रांती : टोचतोय. खरबरीत आहे.

हरणाबाई : ती गुरांची. कड्याच्या गवतापतुर जाती आन् तितंच सरती. फिर मागं. आता उजवी.

क्रांती : हो… इथे मऊ लागतंय. मधोमध खोलगट आहे.

हरणाबाई : तीच. वल्ली हाय, घसरशील. ढुंगणावर बसून उतर. लाज कुणाची, धुक्याची? आन् वड्याचा आवाज उजव्या कानालाच ऱ्हाऊ दे. डाव्या कानाला आला की थांबायचं. काय सांगितलं?

क्रांती : ओढा उजव्या कानाला. डाव्या कानाला आला की…

अंबूबाई : बंद झाला का? लाव पुन्हा.

हरणाबाई : न्हाई लागायचा. आता ती आन् तिचं पाय. पाऊण तासात खाली डांबरी लागंल.

अंबूबाई : पन्नास वर्षे तू एका शब्दाने बोलली का नाहीस?

हरणाबाई : तुमी सांगतच इतकं झ्याक हुता. कवाकवा मलाच वाटायचं, तुमीच गेला असाल.

अंबूबाई : टोमणा मारतेस.

हरणाबाई : व्हय. पन्नास वर्सांत एक.

अंबूबाई : माझ्या बढाईपायी पोरगी तिथे गेली.

हरणाबाई : त्येच्यापायीच गेली.

(तासाभराने फोन वाजतो.)

क्रांती : आजी, एका जीपवाल्या काकांच्या फोनवरून बोलतेय. रस्त्याला लागले. गुडघा सोलवटलाय, बाकी ठीक. धाकट्या आजीला सांगा.

अंबूबाई : ती ऐकते आहे. तिला आत्ता बोलता येणार नाही, डोळ्यांना पदर लावून बसली आहे.

क्रांती : बरं. बाबा काळजीत असतील. त्यांना याच फोनवरून कळवते.

अंबूबाई : पोहोचलीस, एवढेच कळव. त्याला पाठीवर कोणी नेले, ते मी सांगेन.