घुंगरमाळ

अमरावतीच्या वैद्यबुवांच्या ओट्यावर पार्वताबाई खोकल्याच्या चाटणासाठी बसली होती. तिच्या पुढे नत्थुजीची पाळी. त्याचं काळीज कमजोर आहे, हे ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने बायकोला, मनकर्णेला, पाण्यासाठी विहिरीवर पाठवलं, तसा पार्वताबाईने खोकला पदरात दाबला.

"नत्थुजी, छातीवरचा हात निघाला म्हणायचा तुमचा!" वैद्यबुवा म्हणाले.

"तुमच्याच उपायानं, बुवा. रातभर काळजाचे ठोके मोजत जागा राहत होतो. आता थांबते का मंग थांबते! तुमी म्हनलं, गोठ्यापाशी नीज, बैलाची घुंगरमाळ ऐकत जाय. झोप लागली."

"मग आज काहून आले?"

"बैल कापसाच्या गाडीले जुंपले. विलायतेले कापूस पायजे ना! महिना झाला, घरी नाहीत."

"म्हणजे झोप उडाली."

"नाही. माळ वाजतेच."

"बैलावाचून?"

"माळ घरीच राह्यली. मनकर्णा वाजवते, कुडामांगं बसून. तिले वाटते, मले समजत नाही."

"मग वाजवू द्या."

"काल मधातच थांबली. उठून पाह्यलं, तं माळ मांडीवर, अन् तिचा हात तिच्याच छातीवर. मी गुपचूप येऊन पडलो. मंग पुन्हा वाजाले लागली."

मनकर्णा तांब्या घेऊन आली.

"बाई, डावा हात दे. नाडी पाहतो."

"माही कायले? दुखणं तं ह्यायचं हाये." तिने नत्थुजीकडे बोट दाखवलं.

वैद्यबुवांची बोटं तिच्या मनगटावरून उठेनात.

"लई वेळ झाला, बुवा. ह्यायची नाडी पाहाची राह्यली."